वाचनकट्टा सुरू करताना: अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाबद्दल चारचौघांत कसं बोलावं

कल्याणला आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही आठ-दहाजण जमतो आणि सध्या जे पुस्तक हातात आहे त्याबद्दल बोलतो. ते वाचून झालेलंच हवं असं नाही. कुणी तिसाव्या पानावर असतं, कुणाची शेवटची दोन प्रकरणं राहिलेली असतात. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं असंही नाही. आपापलं पुस्तक घेऊन यायचं, ते वाचताना आपल्याला काय झालं ते सांगायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं, एवढंच.

आमचा पहिला प्रयत्न चार महिन्यांत बंद पडला होता. माणसं चांगली होती, वाचणारी होती, तरी बंद पडला. वर्षभराने पुन्हा सुरू केला तो आजवर टिकला आहे. या दोन्ही वेळी जे कळलं ते क्रमाने लिहिते. तुम्ही तुमच्या गावात, वाडीत किंवा इमारतीत असा कट्टा सुरू करणार असाल, किंवा दुसऱ्याच्या कट्ट्यावर पहिल्यांदाच जाणार असाल, तर यातलं बरंच कामी येईल.

१. आधी महिनाभर स्वतःची वही ठेवा

माणसं जमवायच्या आधी हे करा. वाचताना मनात जे उठतं ते फार लवकर विरतं. रात्री अकराला एखाद्या पानावर डोळे भरून येतात आणि सकाळी कुकर लावताना आठवत नाही की नेमकं कशाने. मग रविवारी बोलायची वेळ आली की तोंडून निघतं, "छान आहे पुस्तक. जरूर वाचा." यातून समोरच्याला ना पुस्तक कळतं, ना तुम्ही.

वहीत तीनच गोष्टी हव्यात: तारीख, पान क्रमांक आणि एक ओळ. माझ्या वहीतल्या काही नोंदी देते.

पान ६४ : इथे राग आला. ही बाई गप्प का बसली?
पान ९१ : दोनदा वाचलं. आजोळची पडवी आठवली, तिथला ओल्या शेणाचा वास.
पान १२० : कंटाळा आला. तीन पानं ओलांडली.

कंटाळ्याचीही नोंद करा. कुठे कंटाळा आला हे सांगणारा वाचक कट्ट्यावर फार मोलाचा असतो. मात्र "अप्रतिम", "वाचनीय", "ओघवती भाषा" हे शब्द वहीत येऊ देऊ नका. ते छापील परीक्षणांतून आपल्या तोंडी बसलेले असतात आणि तुम्हाला खरोखर काय झालं ते झाकून टाकतात.

वाचनालयाचं पुस्तक असेल तर त्यात रेघा मारू नका, पेन्सिलीनेही नाही. पुढचा वाचक तुमच्या रेघेपाशीच थबकतो आणि त्याची स्वतःची जागा त्याला सापडत नाही. कागदाची पातळ पट्टी घालून ठेवा.

२. माणसं जमवा, पण थोडी

सहा ते दहा. याचं गणित साधं आहे. प्रत्येकाची चार मिनिटं बोलण्याची आणि चार-पाच मिनिटं त्यावरच्या गप्पांची धरली तर दहा माणसांत दीड तास सहज जातो. पंधराजण आले की शेवटच्या तिघांच्या वाट्याला घाई येते, आणि घाईत कुणी मनातलं बोलत नाही. जास्त माणसं उत्सुक असतील तर दोन कट्टे करा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकून मोकळं होऊ नका. आम्ही तसंच केलं होतं. ढीगभर अंगठे आले, माणसं आली तीन. समोरासमोर विचारा. सकाळच्या लोकलमध्ये रोज पुस्तक उघडणारी ताई, वाचनालयाच्या खिडकीशी नेहमी भेटणारे काका, एक दिवाळी अंक पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवून वाचणाऱ्या तळमजल्यावरच्या आजी. "मी काही फार वाचत नाही हो" असं म्हणणाऱ्यांना तर आवर्जून बोलवा. आमच्याकडे सगळ्यात नेमकं बोलणाऱ्या दोघीजणी अशाच आल्या.

वाचन कोणत्याही भाषेतलं चालेल, बोलणं मराठीत, असं आम्ही ठरवलं आहे. कॉलेजातली मुलं इंग्रजी कादंबऱ्या आणतात आणि अर्धं वाक्य इंग्रजीत बोलतात. बोलू द्या. भाषा सुधारायला बसलात तर ती पुढच्या महिन्यात येणार नाहीत.

३. जागा आणि वेळ

घरची बैठकीची खोली सगळ्यात चांगली, सोसायटीचं ऑफिस त्याखालोखाल. गच्ची पावसाळ्याचे चार महिने बाद आणि एप्रिल-मेमध्ये नऊनंतर बसवत नाही.

सार्वजनिक वाचनालयात नक्की विचारा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. महाराष्ट्रात १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं लहान गावांतही आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दुपारी खोली रिकामी असते. ग्रंथपालांना साधं पत्र द्या: किती माणसं, कोणता वार, किती वेळ, माइक नको, खुर्च्या आम्ही लावू आणि उचलू. १५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी, राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो आणि त्या सुमाराला वाचनालयांना असे उपक्रम हवेच असतात. सप्टेंबरात भेटलात तर काम सोपं होतं.

वेळ ठरवताना रेल्वेचा विचार करा. आमच्याकडे दोघं मुलुंडहून आणि एक बदलापूरहून येतात. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ, साधारण अकराच्या आगेमागे सुरू होतो, म्हणून आम्ही नऊला बसतो आणि साडेदहाला उठतो. तुमच्याकडे एसटीची वेळ असेल, बाजाराचा दिवस असेल, दुधाची वेळ असेल. ती पाहून ठरवा आणि मग बदलू नका.

एक सापळा इथेच सांगते, कारण पहिला कट्टा निम्मा तरी यानेच मोडला. घरोघरी पाळीने बसायचं ठरलं. पहिल्या घरी चहा होता, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी साबुदाणा वडे आणि शिरा. चौथ्या महिन्यात ज्यांची पाळी होती त्यांना रविवारी पहाटे उठून एवढं करणं शक्य नव्हतं आणि तसं सांगण्याचाही संकोच वाटला. बैठक रद्द झाली ती झालीच. आता नियम पक्का आहे: चहा आणि बिस्किटाचा पुडा. श्रावण असो, वाढदिवस असो, तेवढंच.

४. काय काय लागेल

वाचनालयाचं सभासदत्व नसेल तर आधी ते घ्या. बहुतेक ठिकाणी आधार कार्डाची प्रत, एक-दोन पासपोर्ट आकाराचे फोटो, अनामत रक्कम आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी लागते. अनामतीची पावती जपून ठेवा, ती दाखवल्याशिवाय पैसे परत मिळायला त्रास होतो.

कट्ट्यासाठी:
- हजेरीची आणि पुस्तकांच्या नोंदीची एक जाड वही
- वेळ लावायला घड्याळ किंवा मोबाइलचा गजर, हळू आवाजाचा
- पाण्याचा तांब्या आणि भांडी
- ज्येष्ठांसाठी पाठ टेकायला खुर्च्या (चटईवर दीड तास बसणं सगळ्यांना जमत नाही)
- ज्याचं त्याचं पुस्तक, प्रत्यक्ष हातात

पुस्तक हातात असायलाच हवं. मोबाइलवर वाचणारे असतील तर ते पान उघडून ठेवा. पान समोर असलं की माणूस नेमकं बोलतो.

५. आपली पाळी आली की

चार मिनिटं असतात. मला विचाराल तर ती अशी वापरा.

आधी पुस्तकाचं नाव, लेखक आणि आपण कितव्या पानावर आहोत ते सांगा. याला अर्धं मिनिट पुरतं. मग एकच जागा निवडा, तिथल्या पाच-सहा ओळी मोठ्याने वाचा. मग त्या ओळींपाशी तुम्हाला काय झालं ते सांगा. आणि शेवटी, पुस्तक अजून संपलेलं नाही, तर आता मनात काय घोळतंय ते.

बहुतेकांची चूक होते ती गोष्ट सांगण्यात. आमच्या पहिल्या कट्ट्यावर एका सद्गृहस्थांनी कादंबरीचं कथानक पंचवीस मिनिटं सांगितलं, मृत्यूपर्यंत, शेवटासकट. त्यांनी मनापासूनच सांगितलं. पण ते पुस्तक मग कुणीच वाचलं नाही, आणि ते वाचताना त्यांना स्वतःला काय वाटलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. कथानक दोन वाक्यांत आटपा. दुसरी चूक म्हणजे मलपृष्ठावरची माहिती: लेखकाचा जन्म, पुरस्कार, आवृत्त्या. ती पुस्तकावर छापलेलीच आहे. आणि तिसरी, "लेखकाला इथे असं म्हणायचंय की..." हे वाक्य सुरू झालं की शाळेतला मराठीचा पेपर सुरू होतो. त्याऐवजी "मी इथे थांबलो" असं म्हणून पाहा. पुढचं बोलणं आपोआप वेगळ्या वाटेने जातं.

उदाहरण देते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आमच्याकडे दोनदा आली. १९५५ सालची ही छोटी कादंबरी आहे, औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमलेल्या तरुण मास्तराची. पहिल्यांदा ज्यांनी आणली त्यांनी सांगितलं, "माणदेशाचं उत्तम चित्रण आहे, व्यक्तिरेखा जिवंत आहेत, शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते." सगळं बरोबर होतं. आम्ही माना डोलावल्या आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

दोन वर्षांनी तीच कादंबरी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी आणली. ते चाळिसाव्या पानाच्या आसपास होते. त्यांनी मास्तर वाडीवर नवा आहे तिथला एक उतारा वाचला आणि म्हणाले, "माझी पहिली नेमणूक अशाच गावात झाली. एकोणीस वर्षांचा होतो. राहायला जागा मिळेपर्यंत शाळेतच झोपायचो. रात्री भीती वाटायची, पण सकाळी मुलांसमोर गुरुजी म्हणून उभं राहावं लागायचं. हे मी घरी कधीच सांगितलं नव्हतं. या पानावर आलो आणि पुस्तक मिटून ठेवलं. चार दिवस झाले, पुढे गेलो नाही." मग एवढंच म्हणाले, "हा मास्तर तिथे टिकतो का, ते मला अजून माहीत नाही. माहीत असलेल्यांनी सांगू नका."

त्या आठवड्यात आमच्यातल्या चौघांनी बनगरवाडी मिळवून वाचली.

मोठ्याने वाचण्याबद्दल कुणीतरी हमखास विचारतं, कायद्याने चालतं का? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रसिद्ध पुस्तकातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचायला मुभा आहे. पाच-सहा ओळी, एखादा परिच्छेद, बिनघोर वाचा. संपूर्ण कथा वाचून तिचं रेकॉर्डिंग सगळीकडे पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे, ते करू नका.

पहिल्यांदा बोलताना आवाज कापत असेल तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी लिहून आणा आणि त्या वाचा. चालतं. आणि "मला काहीच वाटलं नाही" हेही सांगता येतं. फक्त पुढे एवढं जोडा: वाचताना मन कुठे जात होतं?

कधी बोलता बोलता कुणाचा कंठ दाटतो. आमच्याकडे एक ताई आईच्या आजारपणावरचं पुस्तक घेऊन आल्या होत्या आणि उतारा पुरा करू शकल्या नाहीत. अशा वेळी सल्ला देऊ नका, "असं होतंच हो" म्हणू नका. पाणी पुढे ठेवा, मिनिटभर शांत बसा, "थांबू या का?" असं विचारा. त्या ताई म्हणाल्या, "नाही, वाचते," आणि त्यांनी वाचलं.

६. दुसऱ्याची पाळी असताना

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्या कट्ट्यावर सत्तरीच्या एक काकू दोन बैठका गप्प बसल्या होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंड उघडलं. बोलण्याच्या ओघात त्यांनी नायिकेचं नाव चुकीचं घेतलं आणि मी मध्येच ते दुरुस्त केलं. त्या "हो हो, तेच" म्हणाल्या, आणखी एक वाक्य बोलल्या आणि थांबल्या.  नाव बरोबर असण्याने तिथे कुणाचंच काही साधणार नव्हतं. दुसरा कट्टा सुरू करताना मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. त्या लगेच नाही आल्या, दोन महिन्यांनी आल्या. आता नियमित येतात.

म्हणून चार मिनिटं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. नाव, साल, उच्चार, काहीही चुकलं तरी. नंतर विचारायचं असेल तर "हे कुठल्या पानावर आहे?", "मग तुम्ही काय केलंत?", "पुढे वाचावंसं वाटतंय का?" असं विचारा. "तुम्हाला असं कसं काय वाटलं?" हा प्रश्न टाळा, त्याने माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. "हे तर मी कॉलेजात असतानाच वाचलंय" हे वाक्य तर नकोच.

बोलण्याचा क्रम वयाने लहान असणाऱ्यापासून लावा. हे आम्हाला उशिरा सुचलं. काका आधी बोलले की मुलं त्यांच्या विरुद्ध मत मांडत नाहीत, आदरापोटी "काका म्हणाले तसंच" म्हणून मोकळी होतात. मुलं आधी बोलली की काकांना काही अडत नाही.

७. वाद पेटला तर

पेटतो. ऐतिहासिक कादंबरी आली की इतिहासात खरंच असं घडलं का यावर अर्धा तास जातो. त्यासाठी एक वाक्य ठरवून ठेवा: "हे या पुस्तकातलं की आपल्या माहितीतलं?" माहितीतलं असेल तर चहाच्या वेळी बोलू.

जातीचा विषय मात्र चहावर ढकलू नका. आमच्याकडे एका मुलाने दलित आत्मकथनातला एक उतारा वाचला आणि तो पूर्ण व्हायच्या आत एकजण म्हणाले, "आता असं काही राहिलेलं नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मुलाला जे झालं होतं ते सांगायची जागाच त्या वाक्याने संपवली. नंतर त्याने शांतपणे सांगितलं की भाड्याने घर शोधताना त्याला अजून आडनाव विचारलं जातं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. दुसऱ्याच्या सोसण्याबद्दलचं पान वाचलं गेलं तर आधी, "हे वाचताना मला काय झालं," एवढंच प्रत्येकाने बोलायचं. अस्वस्थ वाटलं, लाज वाटली, पटलं नाही, जे असेल ते स्वतःबद्दल बोलायचं. ते अनुभव खरे की खोटे, जुने की आजचे, याचा निवाडा करायला आपण जमलेलो नाही. कट्टा चालवणाऱ्याने इथे भिडस्त राहू नये, स्पष्ट थांबवावं.

८. पुस्तकं देणं-घेणं

कुणी मनापासून बोललं की ते पुस्तक लगेच हवंसं वाटतं. वहीत चार रकाने आखा: पुस्तक, कुणाचं, कुणाकडे, कधी परत. मुदत पुढच्या बैठकीपर्यंत. वाचनालयाचं पुस्तक परस्पर पुढे देऊ नका, दंड आणि जबाबदारी तुमच्या नावावर राहते.

पीडीएफचा सापळा ओळखा. ग्रुपवर कुणीतरी नव्या पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल टाकतं आणि सगळे आभार मानतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, त्यांचं लेखन २०११पासून मुक्त आहे, ते खुशाल पाठवा. हयात लेखकाचं पुस्तक असं फिरवलं तर मराठीत आधीच लहान असलेली आवृत्ती आणखी उशिरा संपते. तिघांत मिळून एक प्रत विकत घ्या.

९. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली गळती

ही येतेच. मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये गावी जाणं आणि लग्नं, मग गणपती, मग दिवाळीची साफसफाई. तारीख पुढे ढकलू नका. तीनच माणसं आली तरी बसा. आमची सगळ्यात चांगली एक बैठक तिघांची झाली, जुलैतल्या धो धो पावसात, वीज गेलेली असताना.

परगावी गेलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, पण दोघांपेक्षा जास्त नको, नाहीतर खोलीतली माणसं पडद्याकडेच पाहत बसतात. आमच्या एक काकू मुलीकडे न्यू जर्सीला जातात. उन्हाळ्यात आमचे सकाळचे नऊ म्हणजे तिथले शनिवारचे रात्रीचे साडेअकरा. त्या जाग्या राहतात, म्हणून त्यांची पाळी पहिली.

महिनाभरात एकही पान वाचून झालं नाही म्हणून लोक यायचं टाळतात, सगळ्यात जास्त गळती याच कारणाने होते. पहिल्याच बैठकीत सांगून टाका की रिकाम्या हाताने आलं तरी चालेल, नुसतं ऐकायला. सलग दोन वेळा कुणी आलं नाही तर फोन करू नका, घरी जा. जाताना वहीत पाहा, त्यांनी शेवटचं कोणतं पुस्तक आणलं होतं आणि ते कितव्या पानावर होते. दारात तेवढंच विचारा.